करीच्या दिवशीचं मटण

दिग्रस, जि. यवतमाळ

चि. सोनू हिस,


तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना यवतमाळ म्हटलं की टिपेश्वरचं जंगल आठवतं आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिकडे रानातलं काय काय खातात? त्यांना सरळ सांग, काही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ससा, तितर, लावरी, घोरपड, चितळ, सगळ्यांची शिकार बंद आहे. रानडुकरं सोयाबीन आणि तुरीची नासाडी करतात. पण परवानगी घेऊन डुक्कर मारलं, तरी ते सरकारची मालमत्ता असतं, ते चुलीवर चढवता येत नाही. फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फास लावून तितर-लावऱ्या धरत आले. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला आणि पुढच्या वीस वर्षांत ज्या रानावर पोट होतं ते रानच कायद्यानं बंद झालं. हॉटेलात ‘बटेर’ म्हणून ताटात येते ती पिंजऱ्यात वाढवलेली जपानी लावरी. तिच्याबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

या जिल्ह्यातलं वेगळं मांस रानात नाही, घरच्या बकऱ्यातच आहे. फक्त मांडी-फऱ्याच्या पलीकडे बघावं लागतं.

त्यासाठी दिवसही ठरलेला आहे. पोळा श्रावणातल्या अमावास्येला येतो. महिनाभर श्रावण पाळलेली घरं त्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, तीच घरं पहाटेपासून खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभी असतात. चतुर्थीला गणपती येतो आणि त्याआधी हरतालिकेचा उपास. मधल्या एक-दोन दिवसांत महिन्याभराची भूक भागवायची असते. करीच्या मटणाला म्हणूनच घाईची चव असते. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भडक जाळ लागतो, घरात मसाल्याचा ठसका बसतो आणि पंगत दुपार टळून गेल्यावरच बसते. कापसाच्या मुलखात सरपण विकत घ्यावं लागत नाही. जाळ मात्र असा की झपकन पेटतो आणि झपकन विझतो, म्हणून पातेल्यापुढून उठायची सोय नाही.

आता सळोई. पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव हा पट्टा बंजारा तांड्यांचा आहे. याच समाजाचे वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री. पण तांड्याचा हा पदार्थ काही मुंबईपर्यंत पोचला नाही. बकरं पडलं की रक्त भांड्यात धरतात. काळीज, फुप्फुस, आतडी, चरबी बारीक चिरतात आणि रक्तासकट एकत्र शिजवतात. मसाला बेताचाच, तिखट आणि लसणावर भर. घरोघर थोडा फरक असतो. सोबत ज्वारीची भाकर, तिला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बाटी म्हणतात. जो पहिल्यांदा सळोई खातो तो रंगाला बिचकतो. दुसऱ्या घासाला बिचकलेला माणूस विरळा.

सळोई हॉटेलात सहसा मिळत नाही, यामागे चवीपेक्षा व्यवहाराचं कारण आहे. शहरातले बरेचसे खाटीक मुसलमान आणि इस्लामला रक्त खाणं निषिद्ध, त्यामुळे ते वाहून जातं. शिवाय रक्त टिकत नाही. बकरं जिथे पडतं तिथेच, तासाभरात ते चुलीवर गेलं पाहिजे. म्हणून हा पदार्थ तांड्यातल्या लग्नाचा, होळीचा, देवीच्या नवसाचा राहिला. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत नवसाची बकरी पडत. तो बळी थांबवावा म्हणून समाजातल्याच लोकांनी वर्षानुवर्षं प्रबोधन केलं. देवीचा नैवेद्य बदलेल तसं ताटही बदलेल.

बंजारा नसलेल्या घरांत याच रक्ताची रक्ती होते. परातीत चिमूटभर मीठ टाकून ते थिजू देतात, मग त्याच्या वड्या कापून उकळत्या पाण्यात सोडतात. सत्तर अंशांच्या पुढे रक्तातली प्रथिनं घट्ट धरतात आणि वडी पनीरसारखी होते. कांद्यावर परतली की झालं. स्पेनमध्ये रक्तात तांदूळ किंवा कांदा घालून आतड्यात भरतात, कोरियात शेवया, इंग्रज ओट घालून ते नाश्त्याला खातात. तिथे दुकानात मांडून विकतात आणि आपल्याकडे नाव काढलं की माणसं इकडे-तिकडे बघतात. हे बघणं चवीमुळे नाही, जातीमुळे आहे.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाबद्दल उघडपणे लिहिलं. उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की मराठवाडा, त्यामुळे त्यातलं पुष्कळसं इकडेही ओळखीचं. चाण्या घे. गुरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळ्यात भाजून किंवा रश्शात टाकून खायच्या. बर्फाची पेटी नसलेल्या घराची ती तजवीज होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीवर ती नाही. पण दोरीवर वाळणारं मांस आता क्वचितच दिसतं.

वजडीबद्दल, म्हणजे बकऱ्याच्या पोटाच्या पिशवीबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण तिचं सारं कौशल्य धुण्यात आहे. गरम पाणी, चुना आणि सुरीची बोथट बाजू. पापुद्रा निघेपर्यंत खरवडायचं. नंतर हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवली की डाळ रस्सा धरते. मुंडी आणि पाय जाळावर भाजून केस काढायचे. पाय रात्रभर मंद निखाऱ्यावर ठेवले की सांध्यातला चिकट भाग विरघळून रश्शात उतरतो आणि सकाळी थंड रस्सा थिजलेला दिसतो. बाळंतिणीला आणि हाड मोडलेल्याला तो देतात.

नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी खानावळींनी यातलं बरंच काही फळ्यावर लिहून विकलं. खूर, भेजा, सुंदरी, कलेजी. मसाला जहाल, तेल पूर्वी जवसाचं. यवतमाळातही सावजीच्या पाट्या जागोजागी आहेत. माझं मत विचारशील तर सावजीचा मसाला मांडीच्या मटणाला झेपत नाही, तो तुकड्याची चव खाऊन टाकतो. सुंदरीला मात्र तोच हवा, कारण आतड्याच्या उग्रपणापुढे सौम्य मसाला टिकत नाही.

मैत्रिणींना घेऊन येणार असशील तर करीलाच ये. मुंडी आणि पाय आदल्या संध्याकाळी सांगून ठेव, नाहीतर सकाळी सातच्या पुढे संपतात. रक्तासाठी दुकानात विचारू नकोस. तांड्यातल्या ओळखीच्या घरी निरोप दे आणि डबा घरचा ने.

तुझा,
मामा