गल्लीतला पडदा आणि व्हँसाँचे मित्र

सिनेमाचं गिरगावला अप्रूप नव्हतंच. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलला तो इथल्याच मॅजेस्टिकमध्ये. तरी गणपतीत फणसवाडीसारख्या गल्लीत बांबूंना पांढरा पडदा ताणला, की त्याची मजा थिएटरला यायची नाही. प्रोजेक्टर सोळा एमएमचा आणि एकच. रीळ संपलं की दिवे लागणार आणि सगळी गल्ली एकदम बोलणार. पडद्यामागे बसलेल्यांना नायक डावखुरा दिसायचा, नावं उलटी. तक्रार कुणाची नसे.

अशा पडद्यावर मला क्लोद सोतेचा १९७४चा 'व्हँसाँ, फ्राँस्वा, पॉल आणि इतर' बघायचाय. पन्नाशीला टेकलेले दोस्त. ईव्ह माँताँचा व्हँसाँ छोटा कारखाना चालवतो. डोक्यावर देणी, बायको वेगळी राहते. मिशेल पिकोलीचा फ्राँस्वा डॉक्टर. तरुणपणी गरिबांची सेवा करणार होता, आता चांगला सुखवस्तू झालाय. सर्ज रेजियानीचा पॉल कादंबरी लिहितोय आणि ती काही संपत नाही. (असा एक प्रत्येक चाळीत असायचाच.) रविवारी सगळे शहराबाहेर एका घरी जमतात. घडत फारसं काही नाही. फ्राँस्वा मटणाची तंगडी कापत असतो, कुणी टोमणा मारतं, आणि हा शांत गृहस्थ असा उसळतो की जेवणाचा विचका होतो. तिथे सबटायटलं नसली तरी चालेल. व्हँसाँ मित्रांकडे पैसे मागायला जातो, हसत, उगाच इकडचं तिकडचं बोलत. ते मात्र बघवत नाही.

१९७४ साली फणसवाडीला हे परकं वाटलं असतं. भेटायला रविवार कशाला, गॅलरीत या की! आणि व्हँसाँचं कर्ज? सकाळचं पाणी जायच्या आत तिसऱ्या मजल्यावर कळलं असतं. मित्र निवडावे लागत नव्हते, ते शेजारच्या खोलीत जन्माला येत. भांडण झालं तरी मोरीकडे जाताना गाठ पडायचीच.

आता तीच माणसं बोरिवलीत, डोंबिवलीत, किंवा चाळीच्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावर. वर्षातून एकदा मांडवात भेटतात, पाठीत धपाटा घालतात, "काय रे, जाडा झालास," म्हणतात. धंदा बसला हे सांगत नाहीत. आता सोतेचा रविवार त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

फ्रेंच शिकवणारी अलियॉन्स फ्रान्सेज न्यू मरिन लाइन्सला, इथून चालत जाण्याजोगी. भाषेची अडचण सुटेल. पण बाप्पासमोर मटण कापलेलं मंडळाला चालायचं नाही. म्हणून कोजागिरी धरावी. तेव्हाही खजिनदार उठून म्हणतीलच, की एवढ्या चांदण्यात पडदा फिका पडेल, आणि दुधाचा खर्च कोण करणार?