काटा न आलेला हलवा

आमच्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या पौषात विम्याचे कागद शोधण्याच्या निमित्ताने तो आमच्या हाती लागला, आणि मालकिणीची परवानगी न घेता आम्ही तो उघडला. लग्नाच्या वाढदिवशी, आणि अलीकडे अलीकडे फेब्रुवारीच्या १४ तारखेसही, आम्ही आमच्या सौभाग्यवतीस सोनेरी अक्षरांची महागडी शुभेच्छापत्रे देत आलो आहोत. त्यांतले एकही तेथे नव्हते. (ती सारी नातीच्या कातरकामास उपयोगी पडली, असे मागाहून समजले.) डब्यात होत्या त्या लाल चिठ्ठ्या. कारखान्यात नापास झालेल्या मालास बांधावयाच्या ह्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर आम्हीच कधीकाळी शिसपेन्सिलीने खरडले होते : "उशीर होईल, जेवून घे." "दूध उतू गेले होते. ओटा पुसला आहे." "धाकटीचा ताप उतरला. तिला उठवू नकोस."

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस ह्या चिठ्ठ्यांचा उलगडा करून सांगावयास नको. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरीच्या रानांत ज्या पत्र्याच्या छपरा उगवू लागल्या त्या इंद्रायणी ओलांडून थेट चाकणपर्यंत गेल्या. ह्या मुलखातले संसार पाळ्यांवर चालतात. आमची दुपारपाळी असे. सौभाग्यवती एका औषधाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीस जाई. ती घरी येण्याच्या आधी आम्ही निघालेलो असू, आणि आम्ही परतू तेव्हा ती निजलेली असे. पुष्कळ कारखान्यांस येथे रविवारी नव्हे, तर गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारीच काय ते आम्ही एकमेकांस दिवसाउजेडी पाहत असू. बाकीचे सहा दिवस पत्रव्यवहार.

डबा जागच्या जागी ठेवला. पण मन जागेवर राहिले नाही. ह्या वर्षी शुभेच्छापत्र विकत आणावयाचे नाही, स्वतःच्या हाताने करावयाचे, असा निश्चय केला. आमचा सारा जन्म माल तपासण्यात गेला असल्यामुळे कोणत्याही कामाची आधी माहिती काढावी, ही खोड जडली आहे. तेव्हा असे कळले की, अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हौलंड नावाच्या बाई होऊन गेल्या. १८४७ च्या सुमारास त्यांच्या हाती विलायतेहून आलेले एक जाळीदार कागदाचे प्रेमपत्र पडले. तसे आपणही करून विकावे असे त्यांच्या मनाने घेतले, व त्यांनी घरातच मैत्रिणी बसविल्या : एकीने चित्रे कापावयाची, दुसरीने कागद चिकटवावयाचा, आणि एकीचे काम झाले की पत्र पुढचीच्या हाती जावयाचे. १८८१ साली त्यांनी तो धंदा विकला. फोर्डसाहेबाने १९१३ साली मोटारींसाठी जी चालती साखळी उभारली तिचे बीज बाईंनी प्रेमपत्रांसाठी आधीच पेरले होते, हे वाचून आम्हांस प्रथम अभिमान वाटला आणि मग थोडी धास्ती. ती पत्रेही हातचीच होती! पण ज्या मुलीने चित्र कापले तिला ते कोणास जावयाचे हे ठाऊक नव्हते. आमच्या हातांनीही आयुष्यभर तेच केले. हजारो दांडे तपासले. त्यांतला कोणता कोणाच्या गाडीत गेला, देव जाणे.

कामास आरंभ केला. १९४० साली पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेचा चिंध्यांपासून केलेला जाड कागद आणला. त्यावर लाल कागदाचा बदाम चिकटवावा, एवढीच योजना. पहिला बदाम कापला आणि सवयीने व्हर्निअर लावला. डावी बाजू दोन मिलिमीटरांनी मोठी! नापास. दुसरा नापास, तिसराही नापास. पाचवा कापताना नात शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, कागद दुमडून कापायचा असतो." अंगणवाडीतले हे ज्ञान आम्हांस सेवानिवृत्तीनंतर प्राप्त झाले.

आता आत काय लिहावयाचे? येथे आम्हांस एक जुने देणे आठवले. खरे म्हणजे ते आम्ही कधी विसरलोच नव्हतो. १९९१ ची संक्रांत. लग्नानंतरची पहिली. आमच्या मातोश्रींनी आठ दिवस पहाटे चारला उठून सुनेसाठी हलवा केला होता. तिळावर चमचा चमचा पाक सोडावयाचा आणि मंद आचेवर बोटांनी फिरवीत राहावयाचे. थंडी चांगली असेल तर दाण्यास काटा येतो, आणि करणारीच्या बोटांस फोड. त्या दाण्यांचे हार, बांगड्या, बाजूबंद, मंगळसूत्र, नथ. काळे लुगडे नेसून ते दागिने लेऊन सौभाग्यवती हळदीकुंकवास बसली. आम्हांस लवकर यावयाचे होते. त्या दिवशी जादा काम निघाले, आणि आम्ही 'नाही' म्हणालो नाही. रात्री साडेबारास घरी पोहोचलो. बायका केव्हाच गेल्या होत्या. ती मात्र तशीच, सारे दागिने अंगावर ठेवून, भिंतीस टेकून बसली होती. आम्ही पाहिले आणि म्हणालो, "काढून ठेव आता ते. मुंग्या लागतील."

तिने काढून ठेवले. त्या विषयावर पुढे एक अक्षरही निघाले नाही, आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती शांतता आम्ही समजूतदारपणा म्हणून खपविली.

पूर्वी संक्रांतीस शुभेच्छापत्राबरोबर पाकिटात चार दाणे हलवा घालून तो नातलगांस टपालाने पाठविण्याची आपल्याकडे चाल होती. तीच युक्ती करावी असे ठरविले. आपल्या शेजारच्या मावळातले गुलाब ह्याच दिवसांत विलायतेच्या विमानात चढतात, त्यांतले चार कोणीही विकत आणील. हलवा मात्र आपणच करावयाचा. सौभाग्यवती बहिणीकडे तळेगावास गेली होती तो दिवस साधला. परंतु माघ अर्धा उलटला होता, थंडी गेली होती. दोन तास कढईशी झटलो, तर्जनी भाजली, तरी दाणे गुळगुळीतच राहिले. काट्याचे नाव नाही. व्हर्निअर लावण्याचे धैर्य झाले नाही. तेच दाणे दोऱ्यात ओवून बोटभर लांबीचा हार केला, बदामाखाली टाचला, आणि आत लिहिले : "१९९१ च्या संक्रांतीस मुंग्यांचे नाव घेतले, ते परत घेतो."

१४ तारखेस सकाळी चहाच्या कपाशेजारी ते ठेवले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आला नाही.

"काटा आला नाही," ती म्हणाली.

"थंडी गेली आहे," आम्ही वर्तमानपत्रातून उत्तर दिले.

"थंडीचे काय! विस्तव मंद लागतो. सासूबाई निखाऱ्यांवर राख पसरीत. तुम्ही गॅस मोठा ठेवला असेल. बोट बघू."

बोट दाखविले. तिने त्याचा निकाल काही सांगितला नाही. पत्र पुन्हा एकदा उघडून वाचले, आणि पदराने चष्मा पुसला.

"साखर आहे ही," ती उठत म्हणाली. "बाहेर राहिली तर मुंग्या लागतील. डब्यात ठेवते. डबा कोठे असतो ते तुम्हांला ठाऊक आहेच; मेले विम्याचे कागद!"

आणि आम्हांस स्टूल धरावयास बोलाविले.