रूपकातलं 'मनी'

रॉक संगीत मी पहिल्यांदा समोर बसून ऐकलं ते धोबीतलावच्या रंगभवनात. गिरगावातल्या आमच्या चाळीतून तिथे चालत जाता यायचं. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते खुलं नाट्यगृह. डोक्यावर छप्पर नाही, बसायला पायऱ्या, आणि समोर रंगमंचावर काळ्या स्पीकरच्या भिंती. जॅझ यात्रा तिथे व्हायची, आणि 1986 साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक'ही. कॉलेजच्या मुलांचे बँड एकामागून एक यायचे आणि डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड वाजवून जायचे.

त्या मुलांना नकलाकार म्हणणारे तेव्हाही होते. मला ते कधीच पटलं नाही. बालगंधर्वांची पदं पुढच्या पिढ्या गात राहिल्या, त्याला आपण नक्कल म्हणतो का? मूळ बँड मुंबईत येतील याची सुतराम शक्यता नव्हती. गिटार इतक्या मोठ्याने वाजली की तिचा आवाज बरगड्यांत कसा उतरतो, ड्रमचा पहिला ठोका पडल्यावर शेजारचा अनोळखी मुलगा आपल्याकडे बघून का हसतो, हे रंगभवनातल्या मुलांनीच आम्हाला दाखवलं. 'रॉक मशीन'सारखे बँड पुढे स्वतःची गाणीही वाजवू लागले, तेव्हा मागून लोक ओळखीच्या इंग्रजी गाण्यांसाठी ओरडायचे. त्या गलक्यात आपलं नवं गाणं शेवटपर्यंत वाजवायला किती हिंमत लागत असेल! 'रॉक मशीन'च्या उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो तिथला आहे.

घरी मात्र सगळं कॅसेटवर. काळाघोड्याच्या रिदम हाऊसमध्ये तासन् तास उभं राहायचं आणि विकत घ्यायची एखादीच. बाकी सगळं मित्रांकडून भरून घेतलेलं. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' अख्खा मावतो आणि दुसऱ्या बाजूला 'विश यू वेअर हिअर', हे आमच्या पिढीला पाठ होतं. माझी ती कॅसेट इतकी वाजली की पट्टी झिजून गाणी पुसट ऐकू येऊ लागली.

आमचे काका भजनी मंडळात तबला वाजवायचे. ते एकदा दारात थबकले. आत 'डार्क साइड'मधलं 'मनी' चालू होतं: नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याची घंटा, मग बास गिटार. काका चौकटीवर बोटं आपटत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे सात मात्रांत आहे. रूपक आहे हा!" मी गाणं शेकडो वेळा ऐकलेलं, पण मोजलं कधीच नव्हतं. काका आत येऊन बसले. सॅक्सोफोन सातातच फिरला, आणि फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची गिटार सुरू झाली तशी त्यांनी मान वर केली. "बघ, आता चारात आले. कहरवा झाला." गिटारचा तुकडा संपून गाणं पुन्हा सातावर आलं, तेव्हा त्यांनी मला टाळी दिली. त्या दिवसापासून ते माझ्या खोलीत पाहुणे राहिले नाहीत. झेपलिन त्यांना फारसं रुचलं नाही, फ्लॉइड मात्र ते मागून ऐकायचे.

मग बँड खरोखरच येऊ लागले. एप्रिल 2003 मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स आले. मिक जॅगर साठीला टेकलेला आणि मैदानभर पळणारा. माझी नजर ड्रमवरच्या चार्ली वॉट्सवर होती. इतक्या गदारोळात तो माणूस पाठ ताठ ठेवून, एकही हालचाल वाया न घालवता वाजवत होता.

पण माझ्यासाठी खरी रात्र ती 18 फेब्रुवारी 2007 ची. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर पूर्वी पिंक फ्लॉइडमध्ये असलेला रॉजर वॉटर्स 'डार्क साइड' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार होता. तिकीट महाग होतं, तरी दोन घेतली. काका पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात आले, खांद्याला शबनम. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेली पोरं. त्यांनी काकांना सरकून पुढे जागा दिली, कोणी पाण्याची बाटली पुढे केली. रॉकच्या गर्दीबद्दल लोक काय काय बोलतात. मला ती अशी भेटली.

पूर्वार्धात सिड बॅरेटची आठवण निघाली. पिंक फ्लॉइडचा हा पहिला नायक आदल्या जुलैमध्येच गेला होता. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' त्याच्यावरच लिहिलेलं, आणि ते मैदानात उभं राहून ऐकताना माझ्या शेजारचा मुलगा उघडपणे रडत होता. त्याच्या जन्माआधीचं गाणं ते. हे बँड आपल्याकडे तीस वर्षं उशिरा आले, असं म्हणतात. त्या मुलासाठी ते वेळेवर आले होते.

उत्तरार्धात हृदयाचे ठोके सुरू झाले. स्पीकर फक्त समोर नव्हते, मैदानाच्या मागेही होते, आणि घड्याळांचा गजर आमच्या पाठीमागून अंगावर आला. काकांनी दचकून वळून पाहिलं. 'द ग्रेट गिग इन द स्काय' कॅरल केन्यन गायली. मूळ ध्वनिमुद्रणात क्लेअर टॉरीने ते 1973 च्या जानेवारीत गायलं होतं. त्यात शब्द नाहीत, नुसता आवाज चढतो, फुटतो, पुन्हा खाली उतरतो. काका कानाशी येऊन म्हणाले, "ही रडून गातेय, पण सूर सोडत नाही." त्याहून नेमकं मी त्या गाण्याबद्दल काही वाचलेलं नाही.

आणि मग गल्ला वाजला. नाण्यांचा आवाज मैदानाला फेरी घालून आला, हजारोंनी टाळ्या धरल्या आणि दोन आवर्तनांत त्या विस्कटल्या. चाराच्या सवयीचे हात साताला कुठे पुरणार? काका मात्र शांतपणे हात वर धरून मोजत होते. पहिल्या मात्रेला हात उघडा, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला टाळी. डावीकडच्या पोराने ते पाहिलं, एकदा चुकला, मग त्याला सापडलं. त्याच्या मैत्रिणीला सापडलं. पुढच्या रांगेतले दोघे मागे वळून पाहून करू लागले. सॅक्सोफोन संपेपर्यंत आमच्या कोपऱ्यात दहा-बाराजण रूपकाची टाळी देत होते. गिटार सुरू होताच काकांनी जोरात खूण केली, "आता चार!", आणि तोवर चुकत असलेलं सगळं मैदानच बरोबर ठरलं.

'कम्फर्टेबली नम'ने शेवट झाला. गिल्मोर नसताना ते गाणं कसं लागेल, अशी मला धाकधूक होती. मूळ गिटारची सर आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण शेवटच्या सुरांच्या वेळी मी तुलना करत बसलो नव्हतो. घसा बसेपर्यंत गात होतो.

रंगभवन तेव्हा बंद झालेलं होतं. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा नियमाने शांतता क्षेत्र ठरला, आणि रंगभवनाच्या आसपास दोन्ही आहेत. रुग्णांची झोप महत्त्वाचीच, त्यात वाद नाही. पण त्याच्या बदल्यात दुसरीकडे, कॉलेजच्या मुलाच्या खिशाला परवडेल असं एक खुलं नाट्यगृह या शहराने द्यायला हवं होतं. त्या रात्री कुर्ला स्टेशनकडे चालताना मी काकांना हेच तावातावाने सांगत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. मागून आलेली ती मघाची पोरं त्यांना विचारत होती, "काका, दहा मात्रांचं पण असतं का काही?" आणि काका फलाटावर येईपर्यंत त्यांना झपताल समजावत राहिले.