शेवट ठाऊक असलेला सिनेमा

मंडळी, नागपूरला आपले येणे काही फिरायला म्हणून होत नाही. कुणी कळमन्याच्या बाजारात माल घेऊन येतो, कुणी मेडिकलला नाहीतर मेयोला रोगी घेऊन येतो, कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाचा ताजबागेचा नवस असतो. काम आटोपते किंवा उद्यावर जाते आणि मधली दुपार तेवढी हातात उरते. मे महिन्यातली नागपूरची दुपार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. सीताबर्डीच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटते. अशा वेळी गावाकडच्या माणसाला दोनच जागा सुचतात. एक ओळखीच्या घरचा कूलर आणि दुसरी टॉकीज.

२०१६ सालच्या मे महिन्यातली अशीच एक दुपार तुम्हाला सांगतो. माझे थोरले चुलतभाऊ काटोलकडून आले होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीची मोटर जळाली होती. आंबिया बहाराची फळे झाडावर, त्यात असे ऊन. चार दिवस पाणी चुकले तर गळ लागते. मिस्त्रीने मोटर उघडून पाहिली आणि म्हणाला, पाच वाजल्याशिवाय काही होत नाही. तेव्हा बारा वाजायला आले होते. मी म्हटले, "दादा, चला, 'सैराट' पाहून येऊ."

"त्याचा शेवट मले माहीत आहे," दादा म्हणाले. "मारून टाकतात दोघायले. पाहून काय करू?"

म्हणणे खोटे नव्हते. नागराज मंजुळे यांचा तो सिनेमा २९ एप्रिलला लागला आणि पंधरा दिवसांत त्याचा शेवट पानठेल्यावर, एसटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे सांगून झाला होता. तरी टॉकीजपुढची रांग हटत नव्हती. मराठी सिनेमाच्या कमाईचे आधीचे सगळे उच्चांक त्याने मोडले, ते काही शेवट न ठाऊक असलेल्यांच्या जोरावर नव्हे. एकेक माणूस तीन-तीनदा जात होता.

आता इथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. दादांच्या धाकट्या मुलीने २०१३ साली आपल्या मनाने कोर्टात लग्न केले. मुलगा दुसऱ्या जातीचा. नोकरी बरी, माणूसही बरा. पण दादांनी त्या दिवसापासून मुलीचे नाव तोंडातून काढले नव्हते. ती नागपुरातच मानेवाड्याकडे राहत होती. वहिनी चोरून फोन करीत. सज्ञान मुलामुलींच्या लग्नाला घरच्यांची किंवा पंचांची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१८ च्या मार्चमध्ये निक्षून सांगितले. पण ओसरीवर बसलेल्या बापाला न्यायालय काय सांगणार? दादांना मी त्या सिनेमाला मुद्दाम नेले का, असे तुम्ही विचाराल. थोडे मुद्दाम, थोडे उन्हामुळे.

शेवट ठाऊक असताना माणूस पुन्हा का पाहतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला, तसा तुम्हालाही पडला असेल. आपल्या आधीच्या पिढीने 'देवदास' पाहिला. दिलीपकुमारचा, १९५५ सालचा. तो पारोच्या दारापुढे मरतो, हे तिकीट काढतानाच ठाऊक होते. पुढे १९७६ साली 'लैला मजनू' आला. त्या दोघांचे काय होते, हे तर शाळेत न गेलेल्यालाही माहीत. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की स्मशानाचा प्रसंग येण्याआधीच बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात.

आणि आपली विदर्भाची माती तर अशा गोष्टींची जुनी धनी. 'रघुवंशा'तली इंदुमती विदर्भाचीच राजकन्या. अंगावर फुलांची माळ काय पडते आणि ती जाते काय! मागे राहिलेल्या अजाचा शोक कालिदासाने एका सर्गात सांगितला आहे. भवभूतीही इकडचाच, गोंदियाच्या पुढे आमगावजवळचे पदमपूर हे त्याचे गाव मानतात. आठव्या शतकातला हा नाटककार. त्याच्या 'उत्तररामचरिता'त लक्ष्मण रामसीतेला वनवासाची चित्रे दाखवतो. वनवास केव्हाच संपलेला, दोघे अयोध्येत सुखरूप. तरी शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते आणि रामाला समजूत घालावी लागते की हे नुसते चित्र आहे. गंमत पुढे आहे. शेवटच्या अंकात तोच राम सीतेवरचे नाटक पाहायला बसतो आणि इतका विव्हळतो की नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाने त्याला करून द्यावी लागते. आणि ज्या प्रेक्षकांना सीता धरणीच्या पोटात जाते हा शेवट पाठ होता, त्यांच्यापुढे भवभूतीने दोघांना पुन्हा एकत्र आणले.

असो. आम्ही टॉकीजमध्ये शिरलो. एका पडद्याची जुनी टॉकीज, वर पंखे, बाजूला कूलर, आणि माणसे इतकी की वाऱ्याला जागा नाही. दादांच्या पलीकडे एक म्हातारी बाई नातवाला घेऊन बसली होती. पोराने सांगून टाकले, "आजी तिसऱ्यांदा आली."

पूर्वार्धात दादा खुशीत होते. सिनेमा करमाळ्याकडचा, म्हणजे सोलापूरची बागायत. ऊस दिसला की दादा हिशेब करीत, की याला पाणी कुठून मिळत असेल. पाटलाची आर्ची ट्रॅक्टर चालवत मासेमाऱ्याच्या परश्याच्या दारात जाते, तेव्हा ते मोठ्याने हसले. 'झिंगाट' लागले तशी पोरे पडद्यापुढे जाऊन नाचू लागली. पण तेव्हाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. म्हातारी हसत नव्हती. सगळी टॉकीज नाचत होती आणि ती त्या दोन लेकरांकडे अशी पाहत होती, जसे आपण बैल बाजारात नेण्याच्या आदल्या रात्री त्याच्याकडे पाहतो. ज्याला शेवट ठाऊक असतो त्याला हसण्याचे प्रसंगच जड जातात.

मध्यंतरानंतर सिनेमा हैदराबादला जातो. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातले काम, नवराबायकोचे भांडण आणि पुन्हा मेळ. पाटलाची पोर हातात झाडू घेते. दादा इथे एकदम गप्प झाले. मानेवाड्याची खोली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग तो शेवट आला. आर्ची दारात रांगोळी काढते आहे. भाऊ आणि माणसे येतात, आईने पाठवलेले कपडे, दागिने घेऊन. आर्ची त्यांना घरात घेते आणि चहा ठेवते. तेवढ्यात म्हातारी पडद्याकडे पाहून बोलली, हळू नव्हे, चांगली मोठ्याने: "चहा नको करू वो माय! बाहेर निघ, शेजारणीकडे जाय!"

कुणी हसले नाही. मागून आणखी एका बाईचा आवाज आला, "दार लाव व बाई!" तिसऱ्यांदा पाहणारी बाई, जिला पुढचा प्रत्येक क्षण पाठ होता, ती ओरडून तो थांबवू पाहत होती. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. काय होणार हे पाहायला ती आलीच नव्हती. कुठे वळता आले असते, ती जागा शोधायला ती येत होती. ही जागा पहिल्यांदा पाहणाऱ्याला सापडत नाही, कारण तो गोष्टीमागे धावत असतो.

शेवटी आवाज बंद होतो. लहान मूल शेजारणीकडून परत येते, आईबाप पडलेले पाहते आणि रडत बाहेर निघते. त्याच्या पायांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. नाचणारी पोरे मान खाली घालून बाहेर पडली. दादा उठेनात. दुसऱ्या खेळाची माणसे आत येऊ लागली, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

बाहेर रसवंतीवर आम्ही उसाचा रस घेतला. दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहान्या, मले एक सांग. मी तिच्याकडे आता कपडे घेऊन गेलो, तं ती दार उघडन काय?"

मला काय बोलावे सुचेना. मला वाटले होते, सिनेमा पाहून बापाचे मन पाघळेल, दोन आसवे गाळतील, झाले. त्यांच्या मनात निराळेच आले होते. त्या पोरीने आणि तिच्या नवऱ्याने हा सिनेमा पाहिलाच असणार. तीन वर्षे न बोललेला बाप अचानक साडी आणि मिठाई घेऊन दारात उभा राहिला, तर लेकीला आनंद होईल, की पोटात गोळा येईल? आपल्या अबोल्याने आपण कुणाच्या रांगेत जाऊन बसलो, हे त्यांना त्या चहाच्या प्रसंगाने दाखवले होते.

"मी काई तसा बाप नोहो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण तिले कसं माहीत असन?"

पाच वाजता मोटर मिळाली. रिक्षात घालून गणेशपेठच्या स्टँडवर आणली. काटोलची गाडी लागलेली होती. दादांनी मोटर गाडीत चढवली नाही. बाकाजवळ ठेवली आणि समोरच्या दुकानातून संत्रा बर्फीचा डबा आणला. डबा मांडीवर ठेवून बसले. गाडी सुटली. पुढची गाडी केव्हा आहे, ते त्यांनी विचारले नाही.

"नंबर आहे काय तुझ्याकडे तिचा?"

मी लावून दिला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"तू बोल आधी. सांग, बाबा येऊन राहिले म्हणून. एकटेच येऊन राहिले म्हणा. आणि जावयाले इचार, त्यायले चालते काय."