गाठीची कड

छातीतली गाठ दाखवायला आलेली मावशी आधी भिंतीवरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचते आणि विचारते, “मॅडम, मी हितंच यायचं हुतं न्हवं?” सातारा-सांगलीत सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ, हे डोक्यात पक्कं बसलंय. स्तन तपासणारं यंत्रही गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालीच नोंदवावं लागतं. हवं तेव्हा उचलून वाडीवस्तीवर नेता येत नाही. माझी तक्रार नाही. २०१७ मध्ये सांगलीतल्या म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्यांचं जे प्रकरण उघडकीस आलं, त्यानंतर कुठल्या तोंडानं करणार?

गाठ किती मोठी, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मी आधी कड बघते. फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, बहुधा आडवा पहुडलेला असतो, लंबगोल, भोवती पातळ पांढरी रेघ. प्रोबनं दाबला की निसटतो. पाण्याची गाठ आतून काळीभोर आणि तिच्यामागचा भाग उजळ, कारण पाण्यात ध्वनिलहरी फारशा शोषल्या जात नाहीत. कॅन्सरची गाठ मात्र स्तनातले थर जुमानत नाही, त्यांना छेदत वाढते. म्हणून पडद्यावर ती पुष्कळदा उभी दिसते, कड काटेरी किंवा कोनदार, मागं बऱ्याचदा काळी सावली. १९९५ मध्ये अमेरिकेत स्टाव्हरॉस आणि सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठी तपासून या खुणा नीट मांडल्या. आम्ही अजून त्याच वाटेनं जातो.

पण एकाच छेदावर विश्वास ठेवू नये. प्रोब काटकोनात फिरवला की कधीकधी संशयास्पद वाटलेली ‘गाठ’ लांबट होत शेजारच्या चरबीत मिसळून जाते. उलट काही आक्रमक कॅन्सर गोल, गुळगुळीत कड घेऊन साळसूदपणे बसलेले असतात. शंका राहिली की सुई.

आणि तिथंच नातेवाईक अडतात. “सुई मारली की पसरतं म्हणं.” मग नुसत्या चित्रांवर का भागत नाही? तरुण बाईच्या दाट स्तनात मॅमोग्राफी सगळं पांढरं दाखवते, तिथं सोनोग्राफी कामाला येते, बारीक चुन्याचे कण मात्र मॅमोग्राफीलाच नीट दिसतात. पण गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे शेवटी तुकडा तपासूनच ठरतं. बायॉप्सीच्या सुईनं कॅन्सर पसरून आजार बळावतो, याला आधार नाही. गाठ दुखत नाही म्हणून सुगी उरकेपर्यंत थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच.