मुक्काम पोस्ट पेटंट

घर बदलणं सोपं असतं. एक टेम्पो, चार हमाल आणि वाटेत फुटायला लोणच्याची एक बरणी, एवढ्या सामग्रीवर माणूस सदाशिव पेठेतून कोथरूडला संध्याकाळपर्यंत पोचतो. त्याचा पत्ता मात्र तिथं पोचायला पुढची पाच-सात वर्षं घेतो. गॅसवाल्याच्या लेखी हा गृहस्थ अजून जुन्याच घरी स्वयंपाक करत असतो. विमा कंपनीच्या हिशेबानं तर वाडा पडून तिथं सात मजली इमारत उभी राहिली, तरी हा आपला जिन्याखालच्या खोलीत हप्त्याची नोटीस वाचत बसलेला असतो.

मी बँकेत कारकून आहे. आता आम्हाला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात. पगारात त्यानं फरक पडलेला नाही, पण लग्नपत्रिकेत बरं दिसतं. बी.कॉम. होऊन मी चिकटलो तेव्हा आमची शाखा लेजरांवर चालायची. खातेदार यायचा, 'पत्ता बदलला आहे' असा अर्ज द्यायचा आणि आपण बँकेला कळवलं या समाधानात घरी जायचा. त्याला कुठं ठाऊक, की बँक नावाचा प्राणी एक नसतो! त्यानं कळवलेलं असायचं बचत खात्याच्या टेबलाला. मुदत ठेवीचं रजिस्टर दोन टेबलं पलीकडे, लॉकरची कार्डं कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. एकाच माणसाचे एकाच शाखेत तीन पत्ते असायचे, आणि तिन्ही ठिकाणी तो सुखानं नांदत असायचा.

मग कोअर बँकिंग आलं आणि प्रत्येक खातेदाराला एक नंबर मिळाला. सगळी खाती त्या नंबराला टांगलेली. नंबरापुढचा पत्ता बदलला की सगळीकडचा बदलला. लोकांना हे आवडलं नाही. एक निवृत्त हेडमास्तर मला म्हणाले, "नंबर कैद्यांना असतो हो. इतकी वर्षं आम्ही इथं नावानं ओळखले जात होतो." मी गप्प बसलो. त्याच मास्तरांच्या ठेवीची पत्रं नावानं ओळखली जाऊन चार वर्षं भलत्याच बिऱ्हाडी जात होती, हे त्यांना सांगून काय उपयोग!

ही नंबराची युक्ती आमच्या बँकांचीच, असा माझा समज होता. तो गेला परदेशी रकमेच्या खिडकीवर.

या खिडकीवर आमचे एक खातेदार नेहमी येतात. भोसरीला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. ठिबक सिंचनाच्या नळीत गाळ अडकू नये म्हणून त्यांनी एक गाळणी शोधून काढली, तिच्यात सुधारणा केली, मग सुधारणेत सुधारणा केली. असे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात त्यांच्या कंपनीचे चार अर्ज पडून आहेत. तिथल्या वकिलाची फी पाठवायला ए-टू फॉर्म भरायचा असतो, तो भरायला ते माझ्याकडे येतात. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना साहेब म्हणतो. खरा साहेब केबिनमध्ये असतो, त्याला दोघेही काही म्हणत नाही.

एके दिवशी ते फॉर्म न मागताच समोर बसून राहिले. म्हणाले, "साहेब, आमच्या वकिलानं पत्ता बदलला."

"मग? कळवलं ना त्यानं?"

"मला कळवलं. त्यानं जुनी फर्म सोडली, दुसऱ्या गावात नवं ऑफिस थाटलं. मला म्हणतो, माझ्याबरोबर यायचं असेल तर कागद लवकर करा. मी लगेच कंपनीच्या लेटरहेडवर पेटंट ऑफिसला पत्र टाकलं, की यापुढं आमचं टपाल या नव्या पत्त्यावर पाठवावं. सहीशिक्क्यानिशी."

"मग काम झालं!"

"तेच तर. तो म्हणतो, हे पत्र चालत नाही."

आता इथं माझी भाची येते. ती पुण्यातच एका कचेरीत रात्रपाळीला असते आणि अमेरिकन वकिलांचं 'डॉकेटिंग' करते, म्हणजे कुठल्या अर्जाची कुठली तारीख कधी भरते याची वही सांभाळते. वही आता संगणकात असते, एवढंच. माझी आई अजून शेजारीपाजारी 'नात डॉक्टरकीचं काहीतरी करते' असंच सांगते. मी साहेबांना रविवारी पोह्यांना बोलावलं. ते चार फायली काखेत मारूनच आले.

भाचीनं आधी बजावलं, "काका, मी वकील नाही. सल्ला तुमच्या वकिलाचाच घ्यायचा. मी फक्त कागद काय म्हणतात ते सांगते." आणि पोह्यांची बशी बाजूला सारून तिनं फायली उघडल्या.

पहिल्या दोन अर्जांत मुखत्यारपत्र वकिलाच्या नावानं होतं आणि पत्ता जुन्या फर्मचा टाइप केलेला. पुढच्या दोन अर्जांत कुणाचंच नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. "हा कस्टमर नंबर," ती म्हणाली. खुर्चीत मी एकदम ताठ झालो. अमेरिकेतसुद्धा कस्टमर नंबर!

"फुकट मिळतो, मामा. त्या नंबराखाली एक पत्ता असतो आणि वकिलांची एक यादी असते. अर्ज त्या नंबराला जोडला, की टपाल त्या पत्त्यावर आणि अधिकार त्या यादीला. एक वकील गेला, दुसरा आला, ऑफिस हललं, तर बदल नंबरात करायचा. शंभर अर्ज असले तरी एकदाच."

"आणि नंबर नसला तर?"

"तर प्रत्येक अर्जात वेगळा कागद. शंभर अर्ज, शंभर कागद. आणि नावं लिहायची तर मुखत्यारपत्रात जास्तीत जास्त दहा. २००४ पासून तसा नियम आहे. अकरावा वकील हवा असेल तर नंबर घ्या, नाहीतर त्यातले दहा कोणते ते वेगळ्या कागदावर कळवा."

दहाच्या वर वकील एका गाळणीला कशाला लागतात, हे मी विचारणार होतो. पण साहेबांचा चेहरा पाहून गप्प बसलो.

कारण आता खरी गंमत बाहेर आली होती. वकील फर्म सोडून गेल्यावर फर्मनं साहजिकच आपल्या नंबराच्या यादीतून त्याचं नाव काढलं. म्हणजे नंबराच्या दोन अर्जांत त्याचा अधिकार गेला. नावाच्या दोन अर्जांत अधिकार त्याचाच होता, पण टपाल जुन्या फर्मकडे. एके ठिकाणी वकील आहे तर पत्र नाही, दुसरीकडे पत्र आहे तर वकील नाही. आमच्या जुन्या शाखेत हे झालं असतं तर मला काही वाटलं नसतं.

"पण दोन्ही पत्त्यांवर पाठवायला काय होतं त्यांना?" साहेब म्हणाले.

"नाही पाठवत. एक अर्ज, एक पत्ता. दुहेरी पत्रव्यवहार ते करत नाहीत."

"आणि वकिलानं त्याचा नवा पत्ता पेटंट ऑफिसला कळवलाय, असं तो म्हणाला होता."

भाची हसली. तिथं वकिलांची नोंदणी ठेवणारा एक विभाग आहे. आपला पत्ता बदलला की तीस दिवसांत त्याला कळवणं वकिलावर बंधनकारक आहे. पण तिथं कळवलं म्हणून अर्जातला पत्ता बदलत नाही. अर्जात पुन्हा वेगळं कळवावं लागतं. हे ऐकून मला त्या अनोळखी कार्यालयाबद्दल घरचा माणूस भेटावा तसं प्रेम वाटू लागलं. बचतवाल्याला सांगितलं म्हणजे लॉकरवाल्याला कळलं असं नाही, हे तत्त्व सातासमुद्रापलीकडेही शाबूत आहे!

तसं त्या कार्यालयानं स्वतःही पत्ता बदललेला आहे. कित्येक वर्षं त्यांचं बस्तान व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला होतं आणि टपालाचा पत्ता मात्र वॉशिंग्टनचा. २००३ साली टपालाचा पत्ता अलेक्झांड्रियाची पोस्ट पेटी क्रमांक १४५० असा झाला आणि पाठोपाठ बिऱ्हाडही तिकडं हललं. त्यांना मात्र सगळ्या जगाला एकदाच कळवून भागलं.

मग साहेबांनी आपल्या लेटरहेडचा विषय काढला. मालक मी, शोध माझा, सही माझी, मग पत्र का चालत नाही? उत्तर असं, की अर्जदार जर कंपनी असेल तर तिला तिथं स्वतः बोलता येत नाही, नोंदणीकृत वकिलामार्फतच बोलावं लागतं. पण वकील कोण हे ठरवणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही मात्र कंपनीचीच. म्हणजे 'आमचा पत्ता अमुक' हे साहेबांना सांगता येत नाही, पण ते सांगणारा माणूस नेमता येतो. साहेब दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या घरी असंच आहे."

हसून झालं, आणि भाचीनं लॅपटॉप उघडला. अर्ज प्रसिद्ध झाले, की त्यांची फाइल कुणालाही पाहता येते. तिनं पहिला अर्ज काढला आणि तिचं हसू थांबलं.

"काका, तपासनिसाचं पत्र निघालंय. सत्त्याऐंशी दिवस झाले."

साहेबांना ते पत्र माहीतच नव्हतं. वकिलालाही नव्हतं. ते जुन्या फर्मच्या कुठल्या तरी ट्रेमध्ये शांतपणे पडलं होतं. अशा पत्राला उत्तर द्यायला बहुधा तीन महिने असतात, आणि ते पत्र हातात पडल्यापासून नव्हे, निघाल्यापासून मोजतात. पुढं महिन्यामहिन्यानं चढती फी भरून मुदत वाढवता येते, पण सहा महिन्यांवर एक दिवस नाही. मग अर्ज सोडून दिला असं धरतात. नऊ वर्षं हा माणूस रोज रात्री वर्कशॉपमध्ये गाळ कालवून त्या नळीतून सोडत होता. त्यांच्या सौभाग्यवतींनी घरची बादली द्यायचं कधीच बंद केलं होतं. आणि कागद म्हणणार, यांनी सोडून दिलं.

"पत्र मिळालंच नाही असं सांगता नाही येणार?" मी विचारलं.

"येतं. पण पुरावा लागतो, मामा. वकिलाच्या वहीतलं ते पान दाखवायचं, जिथं हे पत्र आलं असतं तर नोंद झाली असती, आणि ती नोंद नाही."

न आलेल्या पत्राची न झालेली नोंद दाखवायची! बँकेत वीस वर्षं काढलेला माणूससुद्धा अशा कागदापुढं टोपी काढेल. पण तीही सोय ज्यांचा नोंदलेला पत्ता बरोबर आहे आणि टपालच हरवलं, त्यांच्यासाठी. इथं टपाल हरवलं नव्हतं. नोंदलेल्या पत्त्यावर इमानानं पोचलं होतं. अर्ज मेल्यावर, विलंब हेतुपुरस्सर नव्हता असं सांगून आणि जबर फी भरून तो जिवंत करण्याची विनंती करता येते. पण ती वेळ येऊ द्यायची नव्हती.

जमेची बाजू एवढीच, की हा नावाचा अर्ज होता. अधिकार वकिलाचाच होता. साहेबांनी तिथूनच त्याला फोन लावला. तिकडं मध्यरात्र होती. त्या माणसानं फोन घेतला, हे मी त्याच्या खात्यात जमा धरतो. सोमवारी साहेब खिडकीवर आले ते एका महिन्याच्या मुदतवाढीची फी पाठवायला. ए-टू फॉर्म मी इतक्या वेगानं भरला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझी तब्येत विचारली. वाढलेल्या महिन्यात, मुदतीच्या नऊ दिवस आधी, उत्तर गेलं.

बाकीचं तसं सोपं होतं. वकिलानं स्वतःचा नवा नंबर घेतला. नावाच्या दोन अर्जांत त्यानंच आपल्या सहीनं ते नव्या नंबराला जोडले. नंबराच्या दोन अर्जांत साहेबांच्या कंपनीनं जुनं मुखत्यारपत्र रद्द करून नवं दिलं. त्यावर साहेबांनी माझ्याच काउंटरवर सही केली, आणि सवयीनं मी शिक्का उचलला होता, तो वेळेवर खाली ठेवला. नंबराला ई-मेलही जोडता येतात, तीनपर्यंत. पत्र निघालं की तिथं सूचना येते. वकिलानं स्वतःच्या दोन ई-मेलांबरोबर तिसरा साहेबांचा घातला आहे. त्यामुळे साहेब आता पहाटे उठून आधी मोबाइल पाहतात आणि मग गणपती. मुखत्यारपत्रावर वकिलाचं नाव कुठंच नाही, नुसता नंबर आहे, याचं मात्र त्यांना वाईट वाटतं. "मध्यरात्री फोन उचलला हो त्यानं," ते म्हणतात. मास्तरांसारखंच. मीही पुन्हा गप्प बसलो.

गेल्या महिन्यात ते पेढे घेऊन आले. मला वाटलं पेटंट मिळालं. तर म्हणाले, "नाही नाही, अजून अवकाश आहे. वकिलानं पुन्हा ऑफिस बदललं! चारही अर्ज एका फॉर्ममध्ये हलले, साहेब. मला तर नंतर कळलं."

पेटंट मिळाल्यावर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी ते चालू ठेवायची फी भरावी लागते आणि तिच्या सूचनांचा पत्ता आणखी वेगळा नोंदवता येतो, असं भाचीनं मला सांगून ठेवलं होतं. ते मी त्यांना दुसरा पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं.