जेजुरीला गेलो, मोत्यासकट

कुळाचाराला जेजुरीला जायचं म्हणजे घरात आठ दिवस आधीपासून धांदल, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना सांगायला नको. यंदा कांद्याची लागण आटोपली, ऊस तुटून कारखान्याला गेला आणि आत्याबाईंनी विषय काढला. "धाकट्याचं जावळ देवाला बोललोय. औंदा ऱ्हायलं तर माझ्या जिवाला घोर."

आमचं गाव भीमाकाठी. पोरं तीन. थोरला आठ वर्षांचा, मधली सहाची, धाकटं दीड वर्षाचं. भाऊजींनी पिकअप काढली, मागं सतरंजी टाकली आणि पहाटेच निघालो. चौफुल्याला चहाला थांबलो तेव्हा सतरंजीच्या ढिगाऱ्यातून शेपूट हलताना दिसलं. आमचा मोत्या! थोरल्यानं त्याला रात्रीच गाडीत चढवून वर पोतं टाकलं होतं. हे चिडले, पण परत फिरायचं तर अर्धा दिवस गेला. आत्याबाई मात्र खूश. "खंडोबाच्या घोड्यासंगं कुत्रं असतंच की. येऊ द्या." मग काय, बैलाच्या दाव्यानं त्याला फाळक्याला बांधला.

चौफुल्यावरून सुपं, सुप्यावरून मोरगाव असा तो रस्ता. सुप्याजवळ गवताचं माळरान लागतं. तिथं मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हरणांसाठी राखलेलं. उन्हं वर येताना रस्त्यापासून थोड्या अंतरावर चार हरणं उभी होती. पोरं "हरीण, हरीण" करून उड्या मारायला लागली, मोत्यानं दावं ताणून ताणून गळा बसवून घेतला आणि ह्या गोंधळात धाकट्यानं नैवेद्याच्या दुरडीत पाय घातला. रोडगे वाचले. भरिताचं भांडं कलंडलं.

मोरगावला कऱ्हेकाठच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि उन्हाच्या आत जेजुरी गाठली. डोंगरावर तटबंदी, चढणीवर एकामागून एक कमानी, दीपमाळा आणि सगळ्यावर भंडाऱ्याचा पिवळा थर. पायऱ्या, कठडे, दुकानांच्या फळ्या, माणसांची कपाळं, सगळं पिवळं. लोक ह्या गडाला नऊ लाख पायऱ्यांचा म्हणतात. कडेवर दीड वर्षाचं पोर असलं की तेवढ्या भरतातच.

जावळ खालीच काढायचं ठरलं. ह्यांनी धाकट्याला मांडीवर घेतलं, न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं आणि पोरानं जो सूर धरला तो गडावर ऐकू गेला असेल. मोत्याला वाटलं, पोराला कुणी मारतंय. मुक्या जनावराचा काय दोष? धाकटं रांगायला लागल्यापासून ते त्याच्याच अंगावर झोपतं. मोत्या दावं तोडून थेट न्हाव्याच्या अंगावर. न्हावी उठला, वाटी सांडली, पोराचं डोकं अर्धं भादरलेलं. तेवढ्यात तिथली तीन-चार कुत्री धावून आली आणि मोत्याला त्यांनी मधोमध घेतलं. धुळीत नुसती केसाळ गाठ गरगरत होती. मी ओरडायच्या आत मधली त्यात शिरली. "माझा मोत्या, माझा मोत्या" म्हणत तिनं त्याच्या मानेला मिठी घातली.

भाऊजींनी बादलीभर पाणी फेकलं तशी कुत्री पांगली. पोरीच्या मनगटाच्या वर दोन दात उतरले होते. रक्त येत होतं. ती रडत नव्हती, हे बघून माझंच अवसान गेलं.

आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि भंडाऱ्याची मूठ काढली. "देवाच्या दारात देवाचा भंडारा लावायचा न्हाई, तर कुठं लावायचा?" त्यांचं मन मी कधी मोडलेलं नाही. पण आमच्या गावच्या आरोग्यसेविकेनं बायकांच्या बैठकीत बजावून सांगितलं होतं, की कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चटणी, चुना, तेल काही काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेही घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मी म्हटलं, "आत्याबाई, भंडारा कपाळाला लावा. हात मी धुते." त्यांनी तोंड फिरवलं. दुकानातून साबणाची वडी आणली आणि नळाखाली पोरीचा हात धरून बसले. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब असतात, ते त्या दिवशी कळलं.

मग तसंच सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं कुत्रं चावलं? मोत्याला दरसाल जनावरांच्या दवाखान्यात लस टोचतो. पण दात त्याचा लागला की परक्याचा, हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, मग वाट बघायची नाही. पिसाळ एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही, जे करायचं ते आधीच. रक्त आलेलं म्हणून जखमेतच एक औषध टोचलं, धनुर्वाताचंही दिलं, आणि दोन्ही दंडांत कातडीखाली बारीक सुया. तीच लस पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. पैसा लागला नाही. आत्याबाईंच्या मनात मात्र बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं होती. त्यांच्या धाकट्या भावाला ती घेताना त्यांनी पाहिलेलं. ते जुनं औषध २००५ च्या सुमारास आपल्याकडे बंद झालं, असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा त्या बाकावर टेकल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. भांडण तिथंच मिटलं.

दुपार कलल्यावर गड चढलो. बाणाईच्या देवळाशी दम खाल्ला, वर मोठ्या पितळी कासवाशी तळी भरली. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत खोबरं-भंडारा उधळला. अर्ध्या डोक्याचं पोर तसंच देवापुढं ठेवलं, उरलेलं जावळ खाली आल्यावर त्याच न्हाव्यानं काढलं. माणूस भला, पण आधी त्यानं कुत्रं कुठं आहे ते विचारून घेतलं. मोत्या पिकअपमध्ये साखळीनं बांधलेला, कान फाटलेला. आत्याबाईंनी गाडीपाशी आल्यावर पहिला रोडगा त्याला घातला.

मोत्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवला. नीट खात-पीत राहिला. तरी पोरीच्या चारही तारखा आम्ही चुकवल्या नाहीत. दिनदर्शिकेवर थोरल्यानं प्रत्येक तारखेपाशी कुत्र्याचं चित्र काढलं होतं, शेवटचं पिवळ्या खडूनं.

आता आत्याबाई म्हणतात, कडेपठाराचं दर्शन राहिलं. थोरल्यानं लगेच विचारलं, "मोत्या येणार ना?" हे काही बोलले नाहीत. उठून पिकअपचं फाळकं नीट लागतंय का ते बघायला गेले.